शेअर केलेलं फोल्डर उघडेना: पासवर्डची अट काढावी की वेगळं खातं करावं?

विंडोजच्या एका कॉम्प्युटरवर शेअर केलेलं फोल्डर दुसऱ्यावरून दिसतं, क्लिक केलं की परवानगी नाही. मग बहुतेक जण पासवर्डची अट काढून ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सगळ्यांना, मुभा देतात. झटपट होतं, पण वायफायवर आलेला कुणीही आत! शिवाय विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीपासून गेस्ट लॉगिन (बिनपासवर्डचा प्रवेश) मुळातच बंद असतं.

फोल्डर असलेल्या कॉम्प्युटरवर वेगळं खातं काढायला खटपट आहे, तरी मी तेच सुचवेन. त्याला पासवर्ड हवाच. पिन इथे चालत नाही. त्या खात्याला फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘शेअरिंग’ आणि ‘सिक्युरिटी’ या दोन्ही टॅबमध्ये परवानगी द्या. निम्मे घोळ इथेच होतात, कारण दोन्हींतली जास्त कडक असेल तीच लागू होते. शेअरिंगमध्ये ‘फुल कंट्रोल’, पण सिक्युरिटीत फक्त ‘रीड’ असेल, तर फाइल उघडेल, सेव्ह होणार नाही. तरीही अडलं, तर दुसऱ्या कॉम्प्युटरवरच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधला (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुना पासवर्ड काढून टाका.