मेलानोमा लिम्फ नोडपर्यंत गेला असेल का? कॅल्क्युलेटर, जनुक-चाचणी की बायोप्सी

तीळ काढला, रिपोर्टमध्ये मेलानोमा (त्वचेचा एक कर्करोग) आला आणि डॉक्टरांनी विचारलं, "सेंटिनेल नोड बायोप्सी करायची का?" म्हणजे तिळाकडून येणारी लसिका (शरीरातला एक पातळ द्रव) ज्या लिम्फ नोडमध्ये, लसिका ग्रंथीत, सर्वांत आधी पोहोचते, तो पहिला नोड काढून तपासायचा का. उत्तराची सुरुवात त्याच कागदावर आहे. ‘ब्रेस्लो’ शोधा, ती मेलानोमाची मिलिमीटरमधली खोली. ०.८ मि.मी.पेक्षा कमी आणि वर व्रण (त्वचा फुटून झालेली जखम) नसेल, तर नोडमध्ये कर्करोगाच्या पेशी सापडण्याची शक्यता सहसा ५ टक्क्यांखाली असते, बायोप्सी लागत नाही. १ मि.मी.च्या पुढे ती सुचवलीच जाते. घोळ होतो तो मधल्या पट्ट्यात.

तिथे आधी कॅल्क्युलेटर. मेलानोमा इन्स्टिट्यूट ऑस्ट्रेलियाचा ऑनलाइन आहे. खोली, व्रण, प्रकार, पेशीविभाजनाचा वेग, रक्त-लसिका वाहिन्यांतला शिरकाव आणि वय भरलं की टक्केवारी मिळते. तरुणांमध्ये नोड बाधित निघण्याची शक्यता जास्त असते, म्हणून वय टाळू नका. पण तीळ वरवर खरवडून काढला असेल आणि तळाच्या कडेला पेशी उरल्या असतील, तर लिहिलेली खोली ‘किमान इतकी’ एवढीच समजायची. मग टक्केवारीही कमीच दाखवली जाते.

जनुक-चाचणीला नवा छेद लागत नाही, काढलेल्या तुकड्यावरच होते. एका चाचणीत ८ जनुकं, वय आणि खोली मिळून ‘कमी’ किंवा ‘जास्त’ जोखीम सांगतात. माझं मत: टक्केवारी ५ ते १० मध्ये अडकली असेल आणि उत्तराने तुमचा निर्णय खरंच बदलणार असेल, तरच करावी. फक्त तिच्या भरवशावर बायोप्सी सोडू नये.

हे दोन्ही अंदाज. नोड प्रत्यक्ष पाहते ती बायोप्सीच. किरणोत्सारी टेक्नेशियम आणि निळा रंग टोचून पहिला नोड हुडकतात. दुसऱ्या दिवशी लघवी निळसर-हिरवी दिसली तर घाबरू नका. बायोप्सीने एकूण रुग्णांचं आयुष्य वाढतं असं सिद्ध झालेलं नाही, पण कर्करोगाचा टप्पा नेमका कळतो आणि पुढचं औषध त्यावर ठरतं. पूर्वी नोड बाधित निघाला की उरलेले सगळे काढत. २०१७ च्या एमएसएलटी-२ अभ्यासात सोनोग्राफीने लक्ष ठेवलेले रुग्ण तितकेच जगले. लसिका साचून येणारी सूज मात्र सगळे नोड काढलेल्यांत २४ टक्के, इतरांत ६ टक्के.

निर्णय तिळाभोवतीची कातडी रुंद कापण्याआधी घ्या. एकदा ती कापली की लसिकेचे मार्ग बदलतात आणि पहिला नोड नेमका सापडणं अवघड होतं.