लिंक्डइन प्रोफाइल: एकदा पैसे देऊन लिहून घेतलं, एकदा स्वतः लिहिलं

आधी निकाल सांगते. लिंक्डइन हे साधन चांगलं आहे. त्यावरचं प्रोफाइल दुसऱ्याकडून पैसे देऊन लिहून घेणं मात्र माझ्या बाबतीत पूर्ण फसलं. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी कॅलिब्रेशनचं काम करते. प्रेशर गेज, थर्मोकपल (तापमान मोजणारे सेन्सर), वजनकाटे अशी उपकरणं खरं माप दाखवतात की नाही ते तपासायचं आणि प्रमाणपत्र द्यायचं. २००८ ते २०२१ अशी तेरा वर्षं मी एकाच लॅबमध्ये होते. नंतर बाबांचं आजारपण आलं आणि तीन वर्षं घरी थांबले. २०२४मध्ये पुन्हा काम शोधायला लागले तेव्हा लिंक्डइनवरचं माझं खातं जुनंच होतं: कुणाच्या तरी लग्नातला कापलेला फोटो, पदाचं नाव आणि कंपनीचं नाव. बाकी सगळं रिकामं.

इतकी वर्षं घरी राहिल्यामुळे स्वतःबद्दल दोन ओळी लिहायचाही धीर होत नव्हता. म्हणून प्रोफाइल लिहून देणाऱ्या एका सेवेकडे गेले. त्यांचं नाव इथे घेत नाही. त्यांनी एक फॉर्म भरून घेतला, चाळीस मिनिटं फोनवर बोलले आणि चौथ्या दिवशी मजकूर पाठवला. वेळ पाळली, बोलणंही आदबीचं होतं. एकदा दुरुस्तीही विनातक्रार करून दिली. त्या बाबतीत माझी काही तक्रार नाही.

मजकूर इंग्रजीत होता, त्याचा अर्थ देते. मथळा असा: ‘परिणामाभिमुख क्वालिटी प्रोफेशनल, धोरणात्मक विचार, उत्तम टीम प्लेअर, बदल घडवण्याचा ध्यास’. खाली चार परिच्छेद. त्यात मी ‘विविध विभागांच्या मोठ्या टीमचं नेतृत्व’ केलं होतं. माझ्या हाताखाली दोन ज्युनिअर होते. दोघंही फार गुणी होते, पण दोनच होते. आणि २०२१ ते २०२४ या काळात मी चक्क ‘स्वतंत्र सल्लागार’ झाले होते. याबद्दल विचारलं तर म्हणाले, ‘मॅडम, गॅप दिसली की लोक पुढे वाचत नाहीत, सगळे असंच लिहितात.’ मला ते पटलं नव्हतं. तरी तसंच ठेवलं, ही माझी चूक.

एका मुलाखतीत समोरच्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘लॅबमध्ये आयएसओ/आयईसी १७०२५ची व्यवस्था तुम्ही पहिल्यापासून उभी केलीत ना? कुठून सुरुवात केलीत?’ कॅलिब्रेशन आणि टेस्टिंग लॅबची सक्षमता या मानकावर तपासली जाते. मी त्या व्यवस्थेत तेरा वर्षं काम केलं, पण ती उभी करणारे लोक माझ्या आधीचे. प्रोफाइलमध्ये ‘अंमलबजावणीतील तज्ज्ञ’ असं लिहिलं होतं, ते त्यांनी खरं धरलं. मी खरं काय ते सांगितलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या आणि पुढचे प्रश्न वरवरचे आले. त्या दिवशी परत येताना मला फार लाज वाटली.

रात्री आमच्या जुन्या लॅबच्या टेक्निकल मॅनेजर सरांना फोन केला आणि प्रोफाइलची लिंक पाठवली. वाचून म्हणाले, ‘अगं, हे तुझंच आहे ना? यात एकही आकडा नाही. गेज उत्तम आहे, असं लिहून तू कधी प्रमाणपत्रावर सही केली असतीस का?’

नसतीच केली. आमच्या प्रमाणपत्रावर रीडिंग असतं, त्रुटी असते, त्या मापनाची अनिश्चितता (खरं माप त्या आकड्याच्या किती पुढेमागे असू शकतं ते) असते आणि ते माप कोणत्या मास्टर उपकरणाशी ताडून घेतलं त्याची नोंद असते. विशेषणाला तिथे जागा नसते. सरांचा फोन ठेवल्यावर मी त्या चार परिच्छेदांतलं एक वाक्य जसंच्या तसं शोधून पाहिलं. मार्केटिंगमधल्या एका अनोळखी माणसाच्या प्रोफाइलवर तेच वाक्य सापडलं, एका शब्दाचाही फरक नाही.

मग सगळं पुसून मी स्वतः लिहायला बसले. त्याला तीन आठवडे लागले. त्यातून काय कळलं ते सांगते.

बदल करायला घेण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन प्रोफाइलमधले बदल नेटवर्कला कळवण्याचा पर्याय बंद करा. सध्या नोकरीत असाल तर हे नक्कीच करा. एरवी तुम्ही पदाच्या नावातला एक शब्द बदलता आणि जुने सहकारी अभिनंदन करायला लागतात.

मथळ्याला २२० अक्षरांची मर्यादा आहे. तुम्ही स्वतः काही लिहिलं नाहीत तर साइट सध्याचं पद आणि कंपनी तिथे टाकते. शोधलेल्या यादीत पूर्ण मथळा बहुधा दिसत नाही, सुरुवातीचा तुकडाच दिसतो. त्यामुळे ज्या शब्दांनी लोक आपल्याला शोधतील ते शब्द आधी यायला हवेत. ‘परिणामाभिमुख’ असा शब्द टाकून माणूस कोण शोधतं? मी लिहिलं: ‘कॅलिब्रेशन इंजिनिअर: प्रेशर, तापमान, वस्तुमान. आयएसओ/आयईसी १७०२५ लॅबमध्ये तेरा वर्षं. अनिश्चिततेचे हिशेब, कार्यपद्धती लेखन, ऑडिटची तयारी.’ शब्द निवडायला एक सोपी युक्ती सापडली. आपल्याला हव्या असलेल्या पदाच्या आठ-दहा जाहिराती उघडायच्या आणि त्यांत पुन्हापुन्हा येणारे शब्द वहीत उतरवायचे. त्यातले आपल्याला खरंच येतात तेवढेच घ्यायचे. मी अठरा शब्द लिहिले होते, त्यातले सात खोडले.

सर्वात जास्त वेळ ‘अबाउट’ या भागाने खाल्ला. तिथे २६०० अक्षरं मावतात, पण वाचणाऱ्याला आधी पहिल्या काही ओळीच दिसतात, पुढचं पाहायला ‘सी मोअर’ दाबावं लागतं. म्हणजे पहिल्या दोन वाक्यांत आपलं काम कळायला हवं. माझी पहिली दोन वाक्यं अशी: ‘मी प्रेशर गेज, तापमापक आणि वजनकाटे कॅलिब्रेट करते. तेरा वर्षांत साधारण नऊ हजार प्रमाणपत्रांसाठी मी प्रत्यक्ष मापन केलं आहे.’ हा नऊ हजारांचा आकडा काढायला एक संध्याकाळ गेली. जुनी रजिस्टरं माझ्याकडे नाहीत आणि नसावीतच. दिवसाला सरासरी तीन उपकरणं, वर्षाचे कामाचे दिवस, त्यातून ऑडिटचे, प्रशिक्षणाचे आणि रजेचे दिवस वजा. म्हणून ‘साधारण’ हा शब्द मुद्दाम ठेवला. माझ्या धंद्यात अंदाजाला अंदाज म्हणावंच लागतं.

त्यापुढे तीनच कामं लिहिली, पण नीट लिहिली. त्यातलं एक सांगते. १७०२५ची २००५ची आवृत्ती जाऊन २०१७ची आली तेव्हा कागदपत्रांत बरंच बदललं. जोखीम आणि संधी यांचा विचार आला, प्रतिबंधात्मक कृतीचं वेगळं कलम गेलं. आमच्या लॅबमधल्या तापमान विभागाच्या सगळ्या कार्यसूचना तेव्हा मी पुन्हा लिहिल्या, नंतरच्या ऑडिटमध्ये त्यांवर शेरा आला नाही. इतकंच लिहिलं. ‘व्यवस्था उभी केली’ म्हणण्यापेक्षा हे लहान आहे, पण यावर कुणी तासभर प्रश्न विचारले तरी माझ्याकडे उत्तरं आहेत.

काय लिहायचं नाही, याचाही विचार करावा लागला. कुणाकुणाची उपकरणं तपासली त्यांची नावं टाकली असती तर प्रोफाइल भारदस्त दिसलं असतं. पण त्याच मानकाचं ४.२ हे कलम गोपनीयतेचं आहे आणि नोकरी सोडली म्हणून ती जबाबदारी संपत नाही. म्हणून फक्त क्षेत्रं लिहिली: औषधनिर्मिती, वाहनांचे भाग, वीजनिर्मिती. डॉक्टर, वकील, हिशेबनीस, ज्यांच्या हातात लोकांची माहिती असते त्या सगळ्यांनी इथे जपून राहावं असं मला मनापासून वाटतं.

आता तीन वर्षांची गॅप. लिंक्डइनने २०२२पासून अनुभवाच्या भागातच ‘करिअर ब्रेक’ नोंदवण्याची सोय केली आहे. कारण निवडता येतं आणि त्यात घरच्यांची काळजी घेणं हेही एक कारण आहे. हा पर्याय पाहिला तेव्हा मला खरंच भरून आलं. ‘स्वतंत्र सल्लागार’ काढून टाकलं आणि लिहिलं: ‘वडिलांच्या आजारपणात पूर्णवेळ घरी होते. या काळात मापन अनिश्चिततेवरचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला.’ बाबांच्या त्या तीन वर्षांना खोट्या पदाखाली झाकायचं कारणच नव्हतं.

शिफारशी, म्हणजे रेकमेंडेशन, यांवर वेळ घालवा. कौशल्यांना मिळणारे एन्डॉर्समेंट, म्हणजे ‘हिला हे येतं’ अशी दुसऱ्याने दिलेली पसंती, २०१२पासून आहेत. ते एका क्लिकचं काम असल्याने त्यांना मी फारसं वजन देत नाही. शिफारस मात्र कुणीतरी बसून लिहिलेली असते. मी तिघांनाच विचारलं, आणि ‘माझ्याबद्दल दोन शब्द लिहा’ असं न म्हणता प्रत्येकाला एक प्रसंग आठवून दिला. सरांना डेडवेट टेस्टरच्या (वजनं ठेवून प्रेशर गेज तपासायचं उपकरण) रीडिंगमध्ये फरक येत होता तो आठवडा आठवून दिला. कारण शेवटी हवेच्या झोतात सापडलं होतं, एसीचा झोत सरळ टेबलावर यायचा. सरांनी तेच लिहिलं. आलेली शिफारस आपण मान्य केल्यावरच प्रोफाइलवर दिसते आणि आधी दुरुस्ती मागायचीही सोय आहे. ज्युनिअरपैकी एकाने माझं पद चुकवलं होतं, ते त्याच्याकडून बदलून घेतलं.

बाकीचं पटकन. फोटो साध्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात, मोबाइलवर काढला, बराच चांगला आला. मागच्या पट्टीचं माप १५८४ बाय ३९६ पिक्सेल आहे. ती रिकामी राहिली तरी चालतं. प्रोफाइलचा पत्ता बदलून नावामागची आकड्यांची शेपटी काढा, बायोडेटावर नीट दिसतो. ‘ओपन टू वर्क’, म्हणजे आपण काम शोधतोय हे कळवण्याची सोय, तिच्यात दोन प्रकार आहेत: सगळ्यांना दिसणारी फोटोभोवतीची हिरवी कड, किंवा फक्त रिक्रूटरना (नोकरभरती करणाऱ्यांना) दिसणारी खूण. नोकरीत असणाऱ्यांनी दुसरा प्रकार घ्यावा, पण आपल्याच कंपनीपर्यंत ते अजिबात पोचणार नाही याची पूर्ण हमी साइट देत नाही, हे लक्षात ठेवावं. प्रीमियम, म्हणजे पैसे भरून मिळणाऱ्या जादा सोयी, मी घेतलं नाही. नुसतं चांगलं प्रोफाइल लिहायला त्याची गरज नाही.

कनेक्शनबद्दल माझं मत बदललं. ५००चा टप्पा ओलांडला की पुढचा आकडा न दिसता नुसतं ५००+ दिसतं, म्हणून अनेकजण तिथवर धावतात. मी ओळखीच्याच लोकांना जोडलं, पण जेमतेम ओळख असलेल्यांनाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३मध्ये मांडलं होतं की नव्या संधीची बातमी बऱ्याचदा लांबच्या ओळखीतून येते, कारण जवळच्यांना जे ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊक असतं. लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सभासदांच्या पाच वर्षांच्या माहितीवरचा अभ्यास २०२२मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्यातही नोकरी बदलायला फार जवळच्या नाहीत आणि अगदी नावापुरत्याही नाहीत अशा ओळखी सर्वात उपयोगी ठरल्या. माझ्या बाबतीत हे अक्षरशः खरं झालं. आमच्या डेडवेट टेस्टरच्या सर्व्हिसिंगला दोनदा आलेले एक इंजिनिअर होते. त्यांना विनंती पाठवताना ती दोन भेटींची आठवण लिहिली. सात आठवड्यांनी त्यांनीच एका लॅबमधली जागा कळवली.

त्या मुलाखतीला तिघं होते. त्यांच्यासमोर माझ्या प्रोफाइलची छापील प्रत होती आणि करिअर ब्रेकच्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. त्यातल्या एका बाईंनी आधी ‘आता वडील कसे आहेत?’ असं विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी अनिश्चिततेच्या अभ्यासक्रमात काय शिकले ते विचारलं, तिथून तापमान विभागाच्या कार्यसूचनांवर आलो, आणि अर्धा तास आम्ही लिक्विड बाथचं (तापमापक बुडवून तपासायच्या द्रवाच्या टाकीचं) तापमान सगळीकडे सारखं आहे की नाही हे किती ठिकाणी मोजून ठरवायचं यावरच बोलत होतो. पुढच्या महिन्यात मी तिथे रुजू झाले. करिअर ब्रेकची ती ओळ माझ्या प्रोफाइलवर आजही तशीच आहे.