काळी एकच्या खर्जासाठी बॅरिटोन गिटार

अकूस्टिक बॅरिटोन गिटार घ्यायला निघाला असाल, तर आधी तिची सहावी तार मोकळी छेडा आणि सूर विरेपर्यंत ऐका. लाकूड, पॉलिश, नाव हे सगळं त्यानंतर. बॅरिटोन नेहमीच्या गिटारपेक्षा पाच अर्धसुरांनी खाली, बी ते बी अशी लावतात. सहावी तार वाजते साधारण ६२ हर्ट्झवर. नेहमीच्या गिटारची ८२ वर. तो सूर भरीव आणि स्थिर आला तरच किमतीचं बोलायचं. भदभदला, तर कितीही स्वस्त मिळत असली तरी सोडून द्यायची.

मला ती हवी होती बाबांच्या साथीला. बाबा अभंग म्हणतात काळी एकमध्ये, म्हणजे पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून. नेहमीच्या गिटारवर काळी एकचा सा सापडतो पाचव्या तारेच्या चौथ्या फ्रेटवर (घरावर), म्हणजे थेट बाबांच्या सा वर. त्याच्या खालचा सा त्या गिटारवर नाहीच. बॅरिटोनला दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावला, की मोकळी सहावी तार काळी एकचा खर्ज, म्हणजे तो खालचा सा देते, ६९ हर्ट्झच्या आसपास. पुरुषांच्या तानपुऱ्याची खर्जाची तार या पट्टीत नेमकी याच सुरावर असते. बोटं मात्र ई कॉर्डच्या सवयीच्या जागीच. कधी आवाज बसलेला असला आणि बाबांनी अर्धा सूर खालची पांढरी एक मागितली, की कॅपो एक घर मागे घ्यायचा. बस.

बजेट होतं ५० हजार. पुण्यात कॅम्पातल्या एका मोठ्या दुकानात बॅरिटोन मागितली तर सेल्समनने बेस गिटार काढून दाखवली. समजावून सांगितल्यावर मागवून देतो म्हणाले, पण पूर्ण पैसे आगाऊ आणि वाजवून नापसंत ठरली तरी परत नाही. न ऐकता एवढी रक्कम अडकवणं मला पटलं नाही, आणि या वाद्याच्या बाबतीत कुणालाच तो सल्ला मी देणार नाही. टेलर कंपनीची २७ इंची स्केलची (तारेच्या वाजत्या लांबीची), आठ तारांची बॅरिटोन फार देखणी वाजते. तिसऱ्या आणि चौथ्या तारेला वरच्या सप्तकातली जोडतार असते. पण ती या बजेटच्या कितीतरी पलीकडे.

दुसरा मार्ग आहे तो घरातल्या गिटारवर जाड तारा चढवायचा. त्याला कमी लेखू नका. बुधवार पेठेत वाद्यदुरुस्ती करणाऱ्या एका काकांनी मला साडेतीन हजार सांगितले होते: नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा रुंद करणं, सॅडल (दुसऱ्या टोकाची तशीच पट्टी) नव्याने घासणं आणि तारा. तुम्हाला फक्त काळी एकच हवी असेल, तर नेहमीची गिटार तीन अर्धसूर खाली उतरवून हे छान जमतं, एवढ्या पैशात याहून चांगलं काही मिळणार नाही. बी पर्यंत न्यायला गेलात की मात्र लांबीची उणीव कळते. जोरात छेडलं की तार आधी चढी बोलते आणि मग सुरावर येते. सरगम सांभाळून गाणाऱ्या माणसाच्या शेजारी बसून हे चालत नाही.

लांबी म्हणजे नट ते सॅडल. नेहमीच्या ड्रेडनॉट आकाराच्या गिटारची साधारण २५.४ इंच, खऱ्या बॅरिटोनची २७ किंवा त्याच्या पुढे. तार लांब असली की तोच खालचा सूर पुरेशा ताणावर बसतो, म्हणून नुसती जाडी वाढवून भागत नाही.

शेवटी मिळाली ती औंधला, अमेरिकेतून परतलेल्या एका आयटीवाल्या जोडप्याकडे. अल्वारेझ कंपनीची एबीटी ६०. पुढची फळी सॉलिड स्प्रूस, पाठ आणि बाजू महोगनी, स्केल पावणेअठ्ठावीस इंचाच्या जवळ. बाबांना सोबत नेलं होतं. मी तारा लावत असताना त्यांनी एवढंच विचारलं, “खर्ज आहे का गं हिच्यात?”

मी कॅपो लावून सहावी तार छेडली. ते खुर्ची ओढून जवळ आले, डोळे मिटले आणि त्या सुरावर हलकेच सा लावला. सूर विरला तरी आवाज सोडला नाही.

तरीही मी तपासायचं ते तपासलं. ब्रिजच्या (सॅडल बसतं त्या फळीवरच्या लाकडी पट्टीच्या) मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहिला. आत गेला असता तर ब्रिज उचकटतोय असं समजायचं. प्रत्येक तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळवून पाहिला. सहावी किंचित चढी होती, सॅडल नीट बसवल्यावर गेली. नेक सरळ. ४४ हजार म्हणाले, ४१ ला ठरलं.

हाताला सवय लागायला वेळ लागतो, हे आधीच सांगते. पहिल्या चार घरांत मिळून सव्वा सेंटिमीटरच्या आसपास जास्त ताणावं लागतं आणि तारा आहेत १६ ते ७०च्या (जाडी इंचाच्या हजाराव्या भागात). नेहमीच्या १२ ते ५३. बारे कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) धरून अख्खा अभंग काढायचा तर मनगट बोलतं. मोकळ्या कॉर्ड्स आणि कॅपो, हीच हिची प्रकृती. कॅपो स्क्रूवालाच घ्या. स्प्रिंगचा सहाव्या तारेवर पुरेसा बसत नाही आणि नेमका खर्जच झणझणतो. वरच्या तारांवर ती चमक नाही. सोलो वाजवणाऱ्यांना ही आवडणार नाही. पण गाणाऱ्याच्या आवाजाच्या खाली राहून साथ करायची तर याहून मऊ आवाज मी ऐकलेला नाही.

पुण्याच्या हवेत सॉलिड फळीला जपावं लागतं. एप्रिलमध्ये हवा कोरडी, फळी आकसते. जुलैत फुगते आणि अ‍ॅक्शन, म्हणजे तारांची फ्रेटपासूनची उंची, वाढते. मी केसमध्ये उन्हाळ्यात ओला स्पंज आणि पावसाळ्यात सिलिका जेल ठेवते, आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राहावी म्हणून. केसही लांब नेकची लागते, ड्रेडनॉटची बॅग पुरत नाही.

तारांचा सेट लक्ष्मी रोडला सहज मिळेल असं समजू नका. गिटारचे पैसे देण्याआधी दोन सेट मागवून ठेवा. माझ्या मॉडेलला पिकअप (गिटार थेट स्पीकरला जोडणारं यंत्र) नाही. सोसायटीच्या हॉलमध्ये गणपतीत वाजवायचं तर माइक लागतो, आणि तिथले छोटे स्पीकर ६९ हर्ट्झ धड देत नाहीत. पिकअप बसवायचा खर्च मी सध्या केलेला नाही. घरच्या खोलीत त्याची गरज पडत नाही.