नवा राउटर घेण्याआधी: 'वायफाय ॲनालायझर' या मोफत ॲपचे परीक्षण

घरातल्या संगणकाचे वायफाय अडखळू लागले की बहुतेक ठिकाणी दोनच गोष्टी होतात. सेवा पुरवठादाराकडे तक्रार नोंदवली जाते आणि तिचा उपयोग झाला नाही, की अधिक वेगाचा प्लॅन किंवा अधिक अँटेनांचा राउटर विकत घेतला जातो. या दोहोंच्या आधी घरात सिग्नल कुठे, किती आणि कोणत्या गर्दीतून पोहोचतो आहे हे मोजून पाहायला हवे, असे माझे ठाम मत आहे. ही मोजणी मी गेली काही वर्षे ज्या साधनाने करत आलो आहे, त्या 'वायफाय ॲनालायझर' नावाच्या अँड्रॉइड ॲपविषयी येथे लिहीत आहे.

या नावाची किंवा या नावाशी मिळतीजुळती अनेक ॲप्स प्ले स्टोअरवर आहेत, त्यामुळे आधी ओळख पटवून घेणे गरजेचे आहे. मी ज्याबद्दल बोलतो आहे ते व्हीआरईएम सॉफ्टवेअर डेव्हलपमेंट यांचे, नावापुढे 'ओपन सोर्स' असे स्पष्ट लिहिलेले ॲप होय. ते प्ले स्टोअरप्रमाणेच एफ-ड्रॉइड या मुक्त ॲप्सच्या भांडारातही मिळते, त्याला पैसे पडत नाहीत, त्यात जाहिराती नाहीत आणि त्याचा संपूर्ण कोड जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीखाली कोणालाही वाचता येतो. ॲप उघडताच ते लोकेशनची परवानगी मागते, तेव्हा अनेकजण साशंक होतात आणि ते योग्यच आहे. आजूबाजूच्या वायफायच्या यादीवरून माणूस कुठे आहे हे ओळखता येत असल्यामुळे, अशी यादी वाचू पाहणाऱ्या ॲपसाठी लोकेशनची परवानगी अँड्रॉइडनेच बंधनकारक केली आहे. मला भरवसा वाटतो तो वेगळ्या कारणाने: हे ॲप इंटरनेट वापरण्याची परवानगीच मागत नाही. जे बाहेर जाऊच शकत नाही, ते आपली माहिती कुठे पाठवणार?

ॲपकडे वळण्यापूर्वी एक तपासणी मात्र करून घ्यावी, कारण तिच्यावर पुढचे सारे अवलंबून आहे. संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडून पाहावा. केबलवरही नेट रखडत असेल तर दोष राउटरच्या पलीकडे, म्हणजे फायबरच्या जोडणीत किंवा पुरवठादाराच्या यंत्रणेत असण्याची शक्यता मोठी. तेथे हे ॲप काहीच करू शकत नाही आणि तक्रार नोंदवणे हाच मार्ग उरतो. केबलवर सारे सुरळीत आणि वायफायवर मात्र अडचण असेल, तर दोष घरातच आहे. संगणकाला मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधली त्याची आकड्यांतली ओळख, १६९.२५४ने सुरू होत असेल तर राउटरने त्याला पत्ताच दिलेला नाही असे समजावे. हाही सिग्नलच्या गर्दीशी थेट संबंध नसलेला वेगळा प्रश्न आहे.

ॲपचा पहिला पडदा म्हणजे आसपासच्या सर्व राउटरची यादी. प्रत्येक नावापुढे सिग्नलची पातळी, चॅनेलचा (राउटर ज्या लहरींच्या तुकड्यावर बोलतो त्याचा) क्रमांक, चॅनेलची रुंदी, सुरक्षेचा प्रकार आणि बहुतेक वेळा राउटरच्या उत्पादकाचे नाव दिसते. यातला सर्वांत मोलाचा आकडा पातळीचा. तो डीबीएम या एककात आणि नेहमी उणे चिन्हासह असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. राउटरच्या शेजारी उणे ३५ ते ४० दिसते, व्हिडिओ कॉल विनाखंड चालण्यासाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगली पातळी असावी असा सर्वसाधारण संकेत आहे आणि उणे ८०च्या खाली जोडणी नुसती नावापुरती उरते. हे मोजमाप लॉगरिदमवर आधारलेले असल्यामुळे दहा आकड्यांचा फरक किरकोळ नसतो: उणे ६७वरून उणे ७७वर आलेला सिग्नल एकदशांश झालेला असतो. फोनच्या कोपऱ्यातल्या वायफायच्या खुणेत ही घसरण केवळ एखादी रेघ कमी होण्यापुरती दिसते आणि नेमकी येथेच बहुतेकांची फसगत होते.

डोंबिवलीला माझ्या मामेबहिणीच्या घरी या आकड्याने सारा गोंधळ सोडवला. तिचा लॅपटॉप आतल्या खोलीत, टेबलावर. राउटर बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, शोभेच्या फर्निचरच्या कप्प्यात बंद. दोहोंच्या मध्ये एक भिंत आणि त्या भिंतीला टेकून उभे असलेले लोखंडी कपाट. संध्याकाळी कार्यालयाच्या बैठकीत तिचा आवाज तुटत असे आणि पुरवठादाराचे उत्तर ठरलेले असे की राउटर बंद करून पुन्हा चालू करा. त्यानंतर अधिक वेगाच्या प्लॅनचा आग्रहही सुरू झाला होता. फोन हातात घेऊन खोल्यांतून फिरल्यावर चित्र स्पष्ट झाले. टीव्हीसमोर उणे ४१, स्वयंपाकघराच्या दारात उणे ५८ आणि लॅपटॉपच्या टेबलावर उणे ७९. सिग्नल अंतरामुळे नव्हे, तर लोखंडी कपाटामुळे आणि टीव्हीच्या धातूच्या पाठीमुळे मरत होता. राउटर कप्प्यातून काढून मधल्या बोळातल्या माळ्याच्या कडेला, उघड्यावर ठेवला आणि त्याच टेबलावरचा आकडा उणे ६३ झाला. त्यासाठी लागली ती फक्त थोडी लांब केबल. शंभर एमबीपीएसच्या जागी तीनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतला असता तरी त्या टेबलावरचा उणे ७९ तसाच राहिला असता.

एवढ्याने दिवसाची अडचण गेली, संध्याकाळची मात्र पूर्णपणे गेली नाही, आणि येथे ॲपचा दुसरा, माझ्या मते सर्वांत देखणा पडदा कामाला आला. तो म्हणजे चॅनेलचा आलेख. आडव्या अक्षावर चॅनेल, उभ्या अक्षावर सिग्नलची पातळी आणि प्रत्येक राउटरची रंगीत कमान. सोसायटीतल्या इमारतीत रात्री आठ-नऊच्या सुमारास हा आलेख पाहिला तर २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे वायफाय वापरते त्या लहरींच्या एका समूहात, कमानींची इतकी दाटी असते की आपली कमान शोधावी लागते. हा सारा पट्टा केवळ ८३.५ मेगाहर्ट्झ रुंदीचा आहे; भारतात तो २००५ साली कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला आणि वायफायबरोबर ब्लूटूथ आणि इतर अनेक बिनतारी उपकरणेही त्याच जागेत नांदतात. एका वायफाय चॅनेलला २० मेगाहर्ट्झ जागा लागते, पण चॅनेलचे क्रमांक मात्र पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत. त्यामुळे तेरा चॅनेल कागदावर असले तरी एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११.

त्या इमारतीत चॅनेल ६वर थर लागले होते आणि बहिणीचा राउटर त्याच थरात, तोही ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर, म्हणजे पट्ट्याचा जवळजवळ अर्धा भाग व्यापून बसलेला. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन रुंदी २० केली, चॅनेल ११ निवडला, आणि लॅपटॉपला ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दिसतो का हेही पाहिले. दिसत होता. त्या पट्ट्यात २०१८ सालच्या अधिसूचनेनंतर भारतात एकूण ६०५ मेगाहर्ट्झ परवानामुक्त जागा आहे आणि आलेखात तेथे तुरळक कमानी होत्या. भिंती भेदण्याची त्याची ताकद कमी असली तरी राउटर उघड्यावर आल्यामुळे आतल्या खोलीत तो पुरेसा पोहोचू लागला होता. तेव्हापासून लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर आणि जुना प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झवर अशी वाटणी आहे, आणि बैठका सुखरूप पार पडतात.

याच आलेखामुळे 'बंद करून चालू करा' या सल्ल्याचे कोडेही उलगडते. अनेक राउटर 'ऑटो' स्थितीत, म्हणजे चॅनेल स्वतःच निवडण्याच्या स्थितीत, असले तरी चॅनेलची निवड मुख्यतः सुरू होताना करतात. म्हणून दुपारी बंद-चालू केलेला राउटर त्या वेळी मोकळे दिसलेले चॅनेल धरतो, संध्याकाळी शेजारी घरी परतले की तेच चॅनेल गजबजते आणि दुसऱ्या दिवशी तक्रार पुन्हा जिवंत होते. सल्ला खोटा नसतो, पण तो कारणाला हात घालत नाही.

ॲपचे गुण सांगताना त्याच्या एका पडद्याविषयी सावध करणे मला आवश्यक वाटते. 'चॅनेल रेटिंग' या विभागात प्रत्येक चॅनेलला तारे दिलेले असतात आणि ते पाहून थेट निवड करण्याचा मोह होतो. हे तारे त्या जागेत किती राउटर दिसतात आणि ते किती तीव्रतेचे आहेत यावर ठरतात. ते राउटर प्रत्यक्षात किती वापरात आहेत याचा त्यांत समावेश नसतो. शिवाय ३ किंवा ९ अशा अधल्यामधल्या चॅनेललाही चांगले तारे मिळू शकतात. एकाच चॅनेलवरील राउटर एकमेकांचे ऐकून पाळीपाळीने बोलतात, परंतु अर्धवट एकमेकांवर चढलेल्या चॅनेलवरील राउटरना परस्परांचे बोलणे समजत नाही, ते केवळ गोंगाट ठरते. म्हणून तारे काहीही सांगोत, २.४ गिगाहर्ट्झमध्ये १, ६ आणि ११ यांपैकीच एक निवडावे. तारा मिळाला तरी १२ आणि १३ टाळावेत, कारण काही लॅपटॉपांची वायफाय कार्डे हे चॅनेल पाहूच शकत नाहीत आणि मग फोनला दिसणारे नेटवर्क संगणकाला दिसत नाही, असा नवाच घोळ होतो.

प्रत्येक राउटरपुढे मीटरमध्ये दाखवले जाणारे अंतर तर सरळ दुर्लक्षावे. ते मोकळ्या जागेत सिग्नल कसा क्षीण होतो या सूत्रावरून काढलेले असते, आणि आपल्या घरांत सिमेंटच्या भिंती असतात.

आकडे घेताना एक पथ्य पाळावे लागते. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून कोणत्याही ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा आसपासची वायफाय तपासण्याची मुभा आहे. त्यामुळे खोलीत शिरताक्षणी दिसणारा आकडा आधीच्या खोलीतला असू शकतो. प्रत्येक जागी अर्धा मिनिट थांबून आकडा स्थिरावला की मगच तो वहीत लिहावा. अँड्रॉइड १० आणि त्यापुढच्या फोनवर सेटिंगमधल्या 'डेव्हलपर ऑप्शन्स' या विभागात ही मर्यादा काढून टाकता येते. ॲपमधील सिग्नलचा कालानुसार आलेख खऱ्या अर्थाने उपयोगी पडतो तो ही मर्यादा काढल्यावरच.

ॲपला जे दिसत नाही तेही जाणून घ्यायला हवे. ते फक्त वायफायचे राउटर पाहते. मायक्रोवेव्ह भट्टी किंवा बिघडलेले विद्युत उपकरण जो उपद्रव करते तो त्याच्या आलेखात उमटत नाही. यूएसबी ३.०ची उपकरणे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण करतात हे इंटेलने २०१२ सालच्या तांत्रिक टिपणात मांडले आहे. लॅपटॉपला बाहेरची हार्ड डिस्क जोडली की नेट मंदावत असेल तर डिस्क लांब केबलने दूर सरकवून पाहावी. ॲपवर तेव्हाही सारे आलबेल दिसेल. दुसरे असे की आकडे फोनच्या अँटेनाचे असतात, लॅपटॉपच्या नव्हेत. फोनवर उणे ६० दिसत असताना लॅपटॉप शेजारीच तडफडत असेल, तर दोष संगणकात शोधावा. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून वायफाय कार्डाच्या 'पॉवर मॅनेजमेंट' भागातील, वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची खूण काढून टाकावी आणि कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारे सॉफ्टवेअर, लॅपटॉपच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून अद्ययावत करावा. विंडोज स्वतःही गेल्या तीन दिवसांतील वायफायच्या जोडण्या आणि तुटण्यांचा कारणांसह अहवाल तयार करू शकते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

राउटर पुरवठादाराने दिलेला असेल तर आणखी एक अडथळा येऊ शकतो. सेटिंगच्या पानाचा पासवर्ड बहुधा राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर असतो, पण काही ठिकाणी तो ग्राहकाला दिलाच जात नाही. अशा वेळी ॲपमधील 'एक्स्पोर्ट'चा उपयोग करावा. त्या क्षणी दिसणाऱ्या सर्व राउटरची यादी पातळी आणि चॅनेलसह मजकूर म्हणून पाठवता येते. 'नेट चालत नाही' असे लिहिण्याऐवजी ही यादी जोडून, 'माझा राउटर चॅनेल ६वर, ४० मेगाहर्ट्झ रुंदीवर आहे. तो ११वर आणि २० मेगाहर्ट्झवर करून द्यावा' असे लिहिलेल्या तक्रारीला उडवाउडवीचे उत्तर देणे कठीण जाते, आणि अनेकदा हा बदल माणूस न येता दूरवरूनच करून दिला जातो.

आयफोन वापरणाऱ्यांना हे ॲप मिळणार नाही, कारण ॲपल इतरांच्या ॲप्सना आसपासची वायफाय अशा रीतीने तपासू देत नाही. ॲपलच्याच 'एअरपोर्ट युटिलिटी'मध्ये मात्र, फोनच्या सेटिंगमधून 'वायफाय स्कॅनर' चालू केल्यास, पातळी आणि चॅनेल यांची साधी यादी मिळते. तिच्यात रंगीत कमानी नाहीत, तारेही नाहीत. पण राउटर कुठे ठेवावा आणि १, ६, ११पैकी काय निवडावे एवढे ठरवायला ती पुरते. घरात एखादा जुना अँड्रॉइड फोन पडून असेल, तर सिम नसतानाही तो या कामाला पूर्णपणे चालतो. फक्त तो ५ गिगाहर्ट्झ पाहू शकतो ना, हे आधी तपासून घ्यावे.