ख्रिसमसच्या सुट्टीत मुलांना स्कीइंग: बे एरियातून गाडीने टाहो की यूटा?

सॅन फ्रान्सिस्कोभोवतालच्या बे एरियातल्या शाळांना डिसेंबरअखेर साधारण दोन आठवडे सुट्टी लागते. त्याच्या महिनाभर आधीपासून आपल्या ओळखीच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: मुलांना यंदा बर्फात न्यायचंय, गाडीने कुठे जावं? उत्तरं फिरून फिरून दोनच येतात, कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरचं लेक टाहो आणि यूटा. दोन्ही बाजूंनी लोक हिरिरीने बोलतात, पण तुमच्या घराला काय सोयीचं, ते त्यातून फारसं कळत नाही.

माझं मत आधीच सांगते. घरातलं कुणीच स्कीवर उभं राहिलेलं नसेल आणि हाताशी तीन-चार दिवस असतील, तर टाहोच्या बाजूला जा. मात्र तिथल्या नावाजलेल्या मोठ्या डोंगरांवर नको, छोट्या डोंगरावर. सलग आठवडाभर सुट्टी मिळत असेल आणि मुलं सोप्या, हिरव्या उतारांवरून आपली आपण खाली येत असतील, तर यूटाचा लांबचा प्रवास सार्थकी लागतो. डोंगर दोन्हीकडे उत्तम आहेत. खरा फरक रस्त्यामुळे पडतो, म्हणून रस्त्याबद्दलच जास्त लिहिते आहे.

टाहो साधारण 200 मैल. कोरडा रस्ता असेल तर साडेतीन-चार तास. वाटा दोन. उत्तर किनाऱ्याला आणि ट्रकी गावाला जायला इंटरस्टेट 80, जो डॉनर समिटला 7,200 फुटांच्या वर चढतो. दक्षिण किनाऱ्याला जायला हायवे 50, त्यावरचा एको समिट त्याहूनही थोडा उंच. पॅसिफिकवरून येणारी वादळं सिएरा नेवाडाच्या याच रांगेला थडकतात आणि आपलं सगळं ओझं तिथे टाकतात. डिसेंबर 2021 मध्ये डॉनर समिटजवळच्या बर्कली विद्यापीठाच्या स्नो लॅबमध्ये 16 फुटांहून जास्त बर्फाची नोंद झाली, 1970 चा डिसेंबरचा विक्रम मोडला आणि ख्रिसमसनंतरच्या ऐन गर्दीच्या दिवसांत 80 बंद पडला. दर वर्षी असं होत नाही. पण चार तासांचा प्रवास आठ-दहा तासांवर जाणं हे सुट्टीत वादळ आलं की घडतंच, आणि गाडीत पाच वर्षांचं मूल असेल तर ते गृहीत धरूनच निघावं.

चेन कंट्रोल, म्हणजे बर्फात टायरना साखळ्या (चेन्स) लावायची सक्ती, हा प्रकार नवख्यांना गोंधळात टाकतो. कॅल्ट्रान्सच्या, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या रस्ते खात्याच्या, पाट्यांवर तीन पायऱ्या असतात. आर-1 असेल तेव्हा साध्या गाडीच्या निदान इंजिन फिरवतं त्या दोन चाकांना बर्फाचे टायर असावे लागतात, नाहीतर चेन्स लावाव्या लागतात. आर-2 ला फक्त फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाडीला सूट, तीही चारही चाकांना बर्फाचे टायर असतील तर. टायरच्या कडेवर ‘एम’ आणि ‘एस’ ही अक्षरं कोरलेली असली की तो या नियमात बसतो. आर-3 म्हणजे कुणालाच सूट नाही. पण तिथवर गोष्ट गेली की बहुधा रस्ताच बंद करतात. अनेकांना माहीत नसलेली गोष्ट ही, की सूट मिळाली तरी चेन्स गाडीत असाव्याच लागतात. ऑल-व्हील ड्राइव्हच्या भरवशावर रिकाम्या डिकीने जाणाऱ्यांना नाक्यावरून परत पाठवू शकतात.

चेन्स घरच्या ड्राइव्हवेवर एकदा लावून बघाच. गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह असेल तर पुढच्या चाकांना लागतात. लावल्यावर वेग ताशी 25-30 मैलांच्या वर नेता येत नाही. नाक्याजवळ पैसे घेऊन चेन्स लावून देणारे परवानाधारक लोक असतात, त्यांची मदत घेण्यात काहीच कमीपणा नाही. भाड्याची गाडी घेणार असाल तर करार नीट वाचा, बऱ्याच कंपन्या चेन्स लावायलाच मनाई करतात. इलेक्ट्रिक गाडीला कोणत्या चेन्स बसतात ते मॅन्युअलमध्ये बघा, आणि थंडीत रेंज बरीच घटते हे धरून चार्जिंग ठरवा. सुट्टीत ट्रकीच्या चार्जरवर रांग असते. आणि 80 बंद झाला म्हणून फोनमधला नकाशा एखादी आडवाट दाखवू लागला, तर त्याचं मुळीच ऐकू नका. त्या वाटा हिवाळ्यात साफ करत नाहीत. कॅल्ट्रान्सचा क्विकमॅप हा रस्त्यांचा नकाशा उघडा, आणि रस्ता बंद असेल तर ऑबर्न किंवा सॅक्रमेंटोला थांबून घ्या.

आता यूटा. सॉल्ट लेक सिटी सुमारे 735 मैल, निव्वळ गाडी चालवायला अकरा तास, शिवाय तिथलं घड्याळ एक तास पुढे. लहान मुलांना घेऊन हे एका दिवसात करू नये. विनेमका किंवा एल्कोला मुक्काम करावा. काहींना वाटतं, यूटाला गेलं की डॉनरची कटकट सुटली. सुटत नाही, 80 च धरून जायचं तर डॉनर ओलांडूनच नेवाडात उतरायचं असतं आणि पुढे नेवाडातही काही घाट आहेत. फरक असा, की आठ दिवसांच्या सहलीतला एक दिवस वादळाने खाल्ला तरी सात उरतात. तीन दिवसांच्या टाहोतला एक गेला तर मुलांचा दुसरा लेसनच बुडतो, आणि स्कीइंग जमू लागतं ते नेमकं दुसऱ्या दिवशी.

नेवाडाचा रस्ता लोकांना कंटाळवाणा वाटतो. मला तो आवडतो. मैलोन्‌मैल सेजब्रशचं माळरान, दोन्हीकडे बर्फाच्या टोप्या घातलेल्या रांगा, आणि वेस्ट वेंडोवर ओलांडलं की बॉनव्हिल सॉल्ट फ्लॅट्स. हिवाळ्यात त्या मिठावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि डोंगर त्यात उलटे दिसतात. मुलांना तिथे उतरू द्या. पेट्रोल मात्र अर्ध्या टाकीवर आलं की भरायचं, पुढच्या गावाची वाट बघायची नाही.

बर्फाच्या दर्जात यूटा सरस आहे, यात मला शंका नाही. सिएराचा बर्फ ओला आणि जड. तिथले लोक त्याला सिमेंटच म्हणतात. यूटातल्या वॉसॅच रांगेवर पोचेपर्यंत हवेतला ओलावा आणि ऊब कमी झालेली असते, म्हणून तिथे पडणारा बर्फ हलका, कोरडा. पण पहिल्यांदा शिकणाऱ्या मुलाला याने काही फरक पडत नाही. ते दिवसभर मॅजिक कार्पेटच्या सरकत्या पट्ट्यावरून वर जाणार आणि ‘पिझ्झा’ करत, म्हणजे स्कीची टोकं जुळवून, खाली येणार. त्या पन्नास फुटांवर दाबून सपाट केलेला बर्फ सगळीकडे सारखाच.

फरक पडतो तो पावसाने. टाहोचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे 6,225 फुटांवर आहे, आणि पॅलिसेड्स किंवा नॉर्थस्टार या तिथल्या मोठ्या स्की डोंगरांचे पायथे त्याच उंचीच्या आसपास. उबदार वादळ आलं की वर बर्फ आणि पायथ्याशी, म्हणजे नवशिक्यांच्या मैदानात, पाऊस. यावर एक चांगला तोडगा म्हणजे नेवाडातल्या रीनो शहराजवळचा माउंट रोझ हा डोंगर. पायथाच 8,260 फुटांवर, टाहो परिसरात सर्वांत उंच. रीनोत हॉटेलं किनाऱ्यापेक्षा बरीच स्वस्त मिळतात आणि डोंगर अर्ध्या तासावर.

डॉनर आणि एको दोन्ही टाळायचे असतील तर माझी पहिली पसंती सिएरा-ॲट-टाहो या डोंगराला. 2021 च्या काल्डोर वणव्यात त्याचं जंगल जळालं, पुढचा एक मोसम जवळजवळ वाया गेला, पण आता तो पुन्हा उभा आहे. हायवे 50 वर एको समिटच्या अलीकडेच तो लागतो, त्यामुळे घाटमाथा ओलांडावा लागत नाही. डोंगरावर राहायची सोय नाही, मात्र प्लेसरव्हिलला खाली मुक्काम करून सकाळी वर जाता येतं. तसाच हायवे 108 वरचा डॉज रिज. सोनोरा किंवा ट्वेन हार्टला राहायचं. नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणूनच नवशिक्या कुटुंबाला बरा. ट्रकीला मुक्काम असेल तर टाहो डॉनर हा डोंगर खास लहान मुलांचा.

मोठ्या डोंगरांवर सुट्टीत खिडकीवरचं एका दिवसाचं लिफ्ट तिकीट 200 डॉलरच्या वर जातं, टाहोत आणि यूटातल्या पार्क सिटीतही. एपिक आणि आयकॉन हे अनेक डोंगरांवर चालणारे मोसमाचे पास घेऊन ते वसूल करायचा विचार असेल, तर त्यातले स्वस्त पास ख्रिसमस ते नववर्ष या दिवसांत बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, हे आधी बघा. नवशिक्यांनी पास घ्यायची गरजच नाही. लेसन, रेंटल आणि खालच्या लिफ्टचं तिकीट असं एकत्र पॅकेज घ्यावं. शक्य असेल तर 26 ते 31 डिसेंबर टाळा. ख्रिसमसच्या आधीचे चार दिवस किंवा 2 जानेवारीनंतरचे दिवस, दोन्ही त्याहून मोकळे. ख्रिसमसआधी बर्फ कमी असू शकतो, पण शिकण्याच्या उतारांवर यंत्राने बर्फ करतात.

आई-बाबा भारतातून आलेले असतील तर हिशेब थोडा बदलतो. टाहोत राहिलात तर झोपणंही सहा हजार फुटांवर. यूटात दिवसा आल्टा या स्की डोंगराच्या साडेआठ हजार फुटांवर जाऊन रात्री सॉल्ट लेक सिटीत, सुमारे 4,200 फुटांवर, परत येता येतं. रक्तदाब किंवा दम्याचा त्रास असणाऱ्यांना ते तुलनेने सोपं जाऊ शकतं. तरी डॉक्टरांना विचारून घ्यावं. सँडी, मिडव्हेल या उपनगरांत हॉटेल घेतलं की शहरातली सगळी सोय हाताशी, साउथ जॉर्डनला गणपतीचं देऊळ आहे, आणि ज्यांना स्कीइंग करायचं नाही त्यांना दिवसभर खोलीत बसून राहावं लागत नाही. आल्टाला नेणारा लिटल कॉटनवुड कॅन्यनचा रस्ता मात्र हिमस्खलनाच्या धोक्याने बंद होतो, तेव्हा हातात पार्क सिटीचा पर्याय ठेवा. टाहोत आजी-आजोबांसाठी सर्वांत छान म्हणजे दक्षिण किनाऱ्यावरच्या हेवनली डोंगराचा गोंडोला. स्की न घालता वर जाता येतं आणि अख्खं तळं खाली निळंशार दिसतं.

लॉस एंजेलिसच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी ही तुलनाच वेगळी. हायवे 395 ने पाचेक तासांत मॅमथ हा स्की डोंगर, पायथा 9,000 फुटांवर. दुसरीकडे बघायलाच नको. बे एरियातून मात्र मॅमथ हिवाळ्यात आडवळणाचं, कारण वाटेवरचे टायोगा आणि सोनोरा हे घाट बंद असतात.

खाण्याचं दोन्हीकडे सारखंच. लॉजमध्ये शाकाहारी म्हणजे फ्राइज आणि चीज सँडविच. दशम्या, मेथीचे पराठे, लोणचं आणि थर्मासमध्ये चहा न्या, बहुतेक लॉजमध्ये घरचा डबा खायला बाकं असतात. कपड्यांत सुती मोजे आणि जीन्स नको; ओले झाले की मूल रडायला लागतं आणि दिवस संपतो. बूट आणि स्की गावातूनच भाड्याने घेऊन निघालात तर सकाळची रांग वाचते.

बुकिंग करताना आधी मुलांच्या स्की स्कूलची जागा बघा, कारण सुट्टीत सर्वांत आधी तीच भरते. मग रद्द करता येईल असं हॉटेल, आणि मग निघायचा दिवस. टाहोसाठी तो दिवस एखादा मागेपुढे करता येईल असा ठेवा. ऑफिसमुळे ते शक्य नसेल आणि शुक्रवारी संध्याकाळीच निघावं लागणार असेल, तर यंदा प्लेसरव्हिल धरा.