दोन माणसांचा तंबू आणि घाटातला पाऊस : सहा महिन्यांच्या वापरानंतर

जून ते नोव्हेंबर या काळात हा तंबू चौदा रात्री लागला. गगनबावडा, आंबा घाट आणि राधानगरीच्या बाजूला, पण दर वेळी अभयारण्याच्या हद्दीबाहेर, मालकाला विचारून घेतलेल्या रानात. राधानगरी अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि ते गव्यांचं रान आहे, त्यामुळे तो नियम मनापासून पाळावा. तंबू दुहेरी कापडाचा, वजन 2.6 किलो, आतली जागा 210 बाय 135 सेंमी. एकाच्या सॅकमध्ये कापड, दुसऱ्याच्या सॅकमध्ये पोल, खुंट्या आणि खालची शीट, अशी वाटणी केली की ओझं जाणवत नाही.

घेताना सगळे ‘किती मिलिमीटर वॉटरप्रूफ’ एवढंच विचारतात. याचा फ्लाय, म्हणजे बाहेरचं कापड, 3000 मिमीचा आहे, म्हणजे एवढ्या उंच पाण्याचा दाब ते न झिरपता पेलतं, आणि वरून आजवर थेंबही आत आलेला नाही. तरी पहिल्या तीन मुक्कामांत स्लीपिंग बॅगा ओल्या निघाल्या. ते पाणी आतलंच. दोन माणसांच्या श्वासाची आणि घामाची वाफ रात्रभरात अर्धा लिटर सहज भरते. जुलै-ऑगस्टात घाटातली हवा आधीच ओलीगच्च, ती आणखी वाफ घेत नाही. मग फ्लायच्या आतल्या अंगाला पाणी धरतं. फ्लाय सैल पडून आतल्या तंबूला चिकटला की ते पाणी थेट अंथरुणावर उतरतं. म्हणून पाऊस कितीही असो, दोन्ही व्हेंट (हवा खेळायच्या खिडक्या) उघडेच ठेवायचे. फ्लायची कड जमिनीपासून चार बोटं वर राहू द्यायची. ओले रेनकोट आणि बूट आत आणायचेच नाहीत, दारापुढच्या आडोशाला ठेवायचे. निजायच्या आधी सगळे दोर पुन्हा एकदा ताणायचे. एवढं पाळल्यावर पुढच्या मुक्कामांत फक्त पायाकडची कड दमट राहिली.

खालची शीट तंबूच्या मापापेक्षा चारी बाजूंनी दोन-तीन इंच आत दुमडायची. ती बाहेर डोकावली तर फ्लायवरून ओघळलेलं पाणी तिच्यावर पडतं आणि तळाखाली डबकं साचतं.

सोबत आलेल्या खुंट्या मात्र निकामी. गोल, बारीक सळईच्या. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, बोटभर मातीखाली जांभा लागतो, तिथे दोन इंच गेल्या की वाकतात. तांबड्या चिखलात उलट नुसत्या हाताने उपसून येतात. चिखलासाठी ‘व्ही’ आकाराच्या अ‍ॅल्युमिनियमच्या आठ खुंट्या वेगळ्या घेतल्या. सड्यावर खुंटीचा नाद सोडायचा. दोराच्या फासात वीतभर काठी घालायची, ती जमिनीवर आडवी ठेवायची आणि तिच्यापुढे, तंबूच्या बाजूला, जड दगड दोरावर ठेवायचा. वाऱ्याने दोर ओढला की काठी दगडाला अडते.

ऑक्टोबरात पोलचा एक तुकडा जोडाजवळ चिरला. कारण साधं : तुकडा पूर्ण आत बसला नव्हता, बोटभर फट होती, आणि पोल वाकवताना सगळा जोर नळीच्या कडेवर आला. घाईत पोल झटकून जोडू नयेत, प्रत्येक जोड हाताने दाबून बघावा. दुरुस्तीची आखूड नळी किटमध्येच होती. चिरेवर सरकवून दोन्ही टोकांना टेप मारली, अजून टिकून आहे.

जळवांसाठी आतल्या तंबूची बारीक जाळी पुरेशी आहे, फक्त चेन शेवटपर्यंत लावायची.

खरी कसोटी परतल्यावर लागते. कोल्हापुरात पावसाळ्यात गच्चीवर काही वाळत नाही. चिखल साध्या पाण्याने पुसून फ्लाय आणि आतला तंबू खोलीत वेगवेगळ्या दोरीवर, पंख्याखाली, पुरते चोवीस तास. शिवणी आणि तळाचे कोपरे सगळ्यात शेवटी सुकतात, तिथे हात लावून बघायचं. ओला तंबू पिशवीत राहिला तर दोन-तीन दिवसांत कुबट वास येतो, मग काळे ठिपके पडतात, ते निघत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे ओलीने कापडाच्या आतला पीयूचा (पॉलियुरेथेनचा, पाणी अडवणारा) थर हळूहळू चिकट होऊन सुटतो. सुकल्यावरही घट्ट पिशवीत न कोंबता सुती पिशवीत सैल ठेवावा.

आता दाराच्या वरच्या कोपऱ्यातली शिवणीची टेप सुटायला लागली आहे. पुढच्या जूनआधी तिथे सीम सीलर (शिवण बुजवायचा चिकट लेप) लावावा लागेल, तोही पीयू कापडाचाच. सिलिकॉनचा या थरावर धरत नाही.