सॉफ्ट मशीनचं 'फिफ्थ': आधी कुठली बाजू लावाल?

'फिफ्थ' (1972) ऐकायचं ठरवलंत, तर आधी बाजू निवडा. तबकडी एकच, पण ड्रमर दोन. 1971 मध्ये ड्रमर रॉबर्ट वायट या ब्रिटिश जॅझ-रॉक बँडमधून बाहेर पडला आणि सॅक्सोफोनवाल्या एल्टन डीनने आपल्या ओळखीतला ऑस्ट्रेलियन फिल हॉवर्ड आणला. अल्बम अर्धा झाला असतानाच त्याला नारळ मिळाला आणि 'न्यूक्लियस' या बँडमध्ये नाव कमावलेला जॉन मार्शल आला. पहिली बाजू हॉवर्डची, दुसरी मार्शलची. बाकी तिघं तेच.

हॉवर्ड ठेका धरून बसतच नाही. 'ऑल व्हाइट'मध्ये ह्यू हॉपरचा बास आपली ओळ घोटत राहतो आणि भोवती झांजा, स्नेअर उसळत असतात. सम तुमची तुम्ही शोधायची. 'ड्रॉप' पाण्याच्या टपटपीने सुरू होतं, मग माइक रॅटलेजचा फझ (आवाज खरखरीत करणारा इफेक्ट) लावलेला ऑर्गन त्या गदारोळात करवतीसारखा चालतो. डीनला असंच मोकाट वादन हवं होतं. रॅटलेज आणि हॉपरला बांधीव रचना हवी होती. शेवटी त्यांचंच चाललं.

मार्शल नेमका वाजवतो. प्रत्येक ठोका जागच्या जागी. 'ॲज इफ'मध्ये पाहुण्या रॉय बॅबिंग्टनचा डबल बास आहे, त्यामुळे खालचा स्वर दाट होतो. 'एलबीओ' हा छोटासा ड्रम सोलो, मार्शलची ओळखपरेडच म्हणा. 'पिगलिंग ब्लँड' सुटसुटीत. शेवटचं 'बोन' डीनचं, आणि ते मुद्दाम अंगावर येणारं.

जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनचे शेवटच्या काळातले मोकाट अल्बम पचत असतील, तर पहिली बाजू घ्या. माझं मत तिलाच. रॉककडून येत असाल आणि विषम मात्रांची गंमत हवी असेल, तर दुसरी. स्ट्रीमिंगवर बाजू कळत नाहीत: पहिले तीन ट्रॅक हॉवर्डचे, पुढचे मार्शलचे.

दुसरी बाजू आवडली तर पुढे 'सिक्स' (1973) ऐका. तोवर डीनही गेला होता आणि 'न्यूक्लियस'चाच कार्ल जेनकिन्स आला होता. एक तबकडी मैफिलीतली, एक स्टुडिओतली. गाणारा आवाज मात्र 'फिफ्थ'मध्ये नाही आणि 'सिक्स'मध्येही नाही. तो हवा असेल तर मागे 'थर्ड'कडे (1970) जा, तिथल्या 'मून इन जून'मध्ये वायट गातो.